कमी खर्चातले ब्रिटिश सिनेमे: सुरुवात अशी करा

पहिला सिनेमा केन लोच यांचा ‘केस’ (१९६९) घ्या. इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या बार्न्झलीच्या कोळसा खाणींच्या परिसरातला बिली नावाचा मुलगा, त्याने पाळलेला शिकारी पक्षी, एवढीच गोष्ट. बिलीचं काम करणारा डेव्हिड ब्रॅडली बार्न्झलीच्याच शाळेतला होता. यॉर्कशरची बोली सुरुवातीला डोक्यावरून जाईल, तेव्हा सबटायटल्स बिनदिक्कत लावा. मात्र आवाज बारीक करू नका, त्या बोलीतच त्या माणसांचं सगळं आयुष्य आहे.

मग माइक ली यांचा ‘सीक्रेट्स अँड लाइज’ (१९९६) बघा. ली नटांबरोबर महिनोन्‌महिने तालमी करतात, पात्रं आणि संवाद त्यातूनच घडतात. कॅफेतला प्रसंग आला की मोबाइल लांब ठेवा. आई आणि लेक शेजारी शेजारी बसल्यात, कॅमेरा कित्येक मिनिटं जागचा हलत नाही, आणि आईला काहीतरी आठवतं. फक्त तिचा चेहरा बघत राहा! माझ्या मते अभिनय कशाला म्हणतात हे कळायला एवढा एक प्रसंग पुरे.

अँड्रिया अर्नल्ड यांचा ‘फिश टँक’ (२००९) त्यानंतर. नायिका केटी जार्विसने आधी कधीच अभिनय केला नव्हता. चित्रीकरण कथेच्या क्रमानेच झालं, पुढे काय होणार हे तिला आधी सांगितलंच नव्हतं. चौकोनी फ्रेम पाहून टीव्हीची सेटिंग बदलू नका, ती मुद्दामच तशी आहे.

एका रात्रीत दोन सिनेमे उरकू नका. आणि शेवट अर्धवट वाटला तर लगेच इंटरनेटवर अर्थ शोधायला जाऊ नका, दोन दिवस तसाच राहू द्या.