ॲन आर्बरचे शनिवार: फुटबॉलचं तिकीट काढू का, या प्रश्नाचं उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: येत्या ऑगस्टमध्ये ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात एमएसला जातो आहेस, होणारे रूममेट अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाची तिकिटं काढू म्हणून मागे लागलेत, तुला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, शाकाहारी आहेस, आणि तिथली माणसं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूंबद्दल काल भेटल्यासारखी बोलतात ते काय प्रकरण आहे? वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तिकीट काढ, आणि पहिल्याच वर्षी काढ. विद्यार्थी दराने हंगामभराचं तिकीट मिळतं, आणि पदवी हातात पडली की त्याच सामन्यांना कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. घरच्या मैदानावर हंगामात साधारण सात, कधी आठ सामने होतात. सगळ्यांना जाणं जमणार नाही, पण तिकीट फोनवरच असल्यामुळे नको असलेला सामना मित्राच्या नावे करता येतो. त्यासाठी प्रवेश पक्का झाल्याबरोबर विद्यापीठाचं ईमेल खातं सुरू करून घे, कारण विद्यार्थ्यांच्या तिकिटांच्या सूचना तिथेच येतात. पुष्कळ जण जीमेलवर वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते. सामन्याला जाताना विद्यापीठाचं ओळखपत्र, म्हणजे एम-कार्ड, खिशात हवंच.

एक हिशोब आधी करून ठेव. ओहायो स्टेटविरुद्धचा सामना, ज्याला तिथे नुसतं 'द गेम' म्हणतात, विषम वर्षांत ॲन आर्बरला असतो आणि सम वर्षांत कोलंबसला. मिशिगन स्टेटचं नेमकं उलट: सम वर्षी ॲन आर्बर, विषम वर्षी ईस्ट लान्सिंग. दोन वर्षांच्या एमएसमध्ये यातला प्रत्येक सामना घरच्या मैदानावर एकेकदाच येईल. 'द गेम' नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी असतो. त्या सुट्टीत न्यू जर्सीच्या मावशीकडे जायचं विमान काढण्याआधी वर्ष बघ.

सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात: दुपारी 12, साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसातच्या आसपास. बऱ्याच सामन्यांची वेळ बारा दिवस आधी, कधी तर सहाच दिवस आधी जाहीर होते. सामना साडेतीन तास चालतो, जाण्यायेण्याचा आणि गर्दीचा वेळ धरला तर शनिवार गेलाच म्हणून समज. सोमवारी द्यायचा गृहपाठ शुक्रवारी रात्री संपव.

खेळ समजायला दहा मिनिटं पुरतात. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येकी अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा नवे चार प्रयत्न. या प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतात, याला 'पंट' म्हणतात, किंवा जवळ असले तर खांबांमधून मारून 3 गुण घेतात. चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे 6, त्यानंतरच्या किकचा 1. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबतं. सगळा जीव तिसऱ्या डाउनमध्ये असतो, तेवढा लक्षपूर्वक बघ.

आपली माणसं हमखास चुकतात ती ओरडण्यात. क्रिकेटमध्ये आपली बॅटिंग असली की आपण स्टेडियम डोक्यावर घेतो. इथे उलटं आहे. चेंडू मिशिगनकडे असताना गप्प बसायचं, कारण क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या, चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या) सूचना त्याच्याच खेळाडूंना ऐकू जायला हव्यात. चेंडू समोरच्यांकडे गेला, त्यातही त्यांचा तिसरा डाउन आला, की घसा फाटेपर्यंत ओरडायचं आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवायचा. मिशिगनला गुण मिळाले की बँड 'द व्हिक्टर्स' वाजवतो. लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याने 1898 मध्ये, शिकागोविरुद्धचा सामना 12-11 असा जिंकल्यावर हे गाणं रचलं. त्यात 'हेल' म्हणताना मूठ वर जाते. पहिल्या सामन्याआधी एकदा ऐकून ठेवलंस तर पुरे.

आता स्टेडियम. 1927 चं बांधकाम, अधिकृत क्षमता 1,07,601, लाडाचं नाव 'द बिग हाउस'. बाहेरून बघितलं तर एवढं मोठं वाटत नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीच्या खाली आहे. तू वरच्या कडेला आत शिरतोस आणि खाली उतरत जातोस. बसायला ॲल्युमिनियमची बाकं आहेत, पण विद्यार्थ्यांच्या भागात कोणी बसत नाही, पूर्ण सामना उभं राहायचं असतं, बरेचदा बाकावरच. पाऊस पडला की ते बाक घसरडं होतं, म्हणून चांगल्या पकडीचे बूट घाल. पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत आणि ती ठेवायला बाहेर सोय असेल या भरवशावरही राहू नकोस. छत्रीही चालत नाही, पावसाळी पोंचो घे. काय नेता येतं याचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं पान बघ. एकदा बाहेर पडलास की परत आत येता येत नाही, हे गृहीत धर. लाखभर माणसं एका जागी आली की फोनचं नेटवर्क मान टाकतं, म्हणून तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घे. स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस.

थंडीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सामना अर्धवट सोडून जाणारे बहुतेक थंडीने जातात, हरल्यामुळे नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला ऊन असं असतं की सनस्क्रीन आणि टोपी लागते. नोव्हेंबरच्या शेवटी पारा शून्याखाली असू शकतो, वर वारा. त्या थंडीत साडेतीन तास उभं राहताना आधी पाय जातात, कारण धातूचं बाक तळव्यांतली ऊब ओढून घेतं. यावर जुन्या लोकांचा उपाय म्हणजे पुठ्ठ्याचा जाड तुकडा पायाखाली टाकणे. मोजे लोकरीचे घाल. सुती मोजे घामाने ओलावतात आणि ओला पाय गारठतो. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात, त्या हवा लागल्यावर तापतात, म्हणून निघतानाच फोड, आत जाऊन नाही. फोन आतल्या खिशात ठेव, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. आणि पहिला जाड कोट घेताना लाल रंगाचा घेऊ नकोस. लाल म्हणजे ओहायो स्टेट. हिरवाही नको, तो मिशिगन स्टेटचा. आपले रंग गडद निळा आणि मक्याचा पिवळा. विद्यार्थ्यांचा भाग पिवळाधमक असतो, तेव्हा एक पिवळा टीशर्ट कोटावरूनही चढवता येईल असा दोन मापं मोठा घे.

सेंट्रल कॅम्पसवरून मैदान चालत पंचवीस-तीस मिनिटांवर आहे आणि चालत जाणंच बरं. नॉर्थ कॅम्पसवर राहणार असशील (इंजिनिअरिंगवाले बरेच तिथे असतात) तर बसने सेंट्रलला ये आणि तिथून चाल. सामन्याच्या दिवशी बसचे मार्ग बदलतात. वाटेत हूव्हर स्ट्रीटवर रेव्हेली हॉल लागतो, तिथून विद्यापीठाचा मार्चिंग बँड मैदानाकडे निघतो. त्यांच्या मागून चालत जायची संधी सोडू नकोस. मैदानावर खेळाडू बोगद्यातून धावत येऊन एका निळ्या बॅनरला उडी मारून हात लावतात, ही प्रथा 1962 पासूनची आहे. ते बघायचं तर अर्धा तास आधी आत हवास. या दिवशी गाडी काढायची नाही. यूएस-23 आणि आय-94 या महामार्गांचे ॲन आर्बरला उतरणारे फाटे तुंबतात, मैदानाजवळचे रस्ते बंद असतात. कँटन किंवा नोव्हायला किराणा आणायला जायचं असेल तर रविवार धर. डेट्रॉईट विमानतळावर शनिवारी सकाळी पोचायचं असेल तर टॅक्सीला जास्त वेळ दे.

टेलगेट म्हणजे सामन्याआधी गाडीच्या मागे, गोल्फच्या मैदानावर किंवा कुणाच्या अंगणात चालणारं खाणं-पिणं. बाराच्या सामन्याला हे सकाळी आठलाच सुरू होतं. लॅबमधल्या कुणी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस. कांदाभजी नेऊ नकोस, डब्यात मऊ पडतात. लहान बटाटेवडे गार झाले तरी चालतात, सोबत कोरडी लसणाची चटणी, आणि डब्यावर त्यात काय आहे ते लिही. शेगडीवर एकाच जाळीवर सगळं भाजतात, तेव्हा तुझ्या व्हेज पॅटीसाठी खाली ॲल्युमिनियमचा कागद घालायला सांग. कोणी वाईट मानत नाही. 'चिली' नावाच्या राजमासदृश पदार्थात बहुतेक वेळा खिमा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आत मैदानावर प्रेत्झेल आणि पॉपकॉर्न यावर भागतं. म्हणून पोटभर खाऊनच आत जा.

दारूचं स्पष्ट सांगते. वय 21 च्या आत असेल तर हातात ग्लासही नको. आणि वय काहीही असो, पिऊन गाडी चालवताना पकडला गेलास तर फक्त दंडावर सुटत नाही. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा असलेल्याला नुसत्या अटकेवरूनही अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, आणि पुढच्या वेळी भारतात आलास की नव्याने अर्ज करावा लागतो.

जुन्या खेळाडूंचं आता. तिथे लोक खेळाडू जर्सीच्या आकड्यावरून ओळखतात, म्हणून चार-पाच आकडे माहीत असले की गप्पांमध्ये बसता येतं. 98 म्हणजे टॉम हार्मन. 1940 ची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते ती) त्याची. त्या वर्षी कोलंबसला मिशिगनने 40-0 असा धुव्वा उडवला आणि तो बाहेर पडताना ओहायोच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता आणि दोनदा विमान पडूनही वाचला. 48 म्हणजे जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते. त्यांच्या नावाने 1934 चा एक प्रसंग सांगतात: जॉर्जिया टेकच्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला, म्हणून मिशिगनने आपल्या विलिस वॉर्डला बाहेर बसवलं. फोर्ड आणि वॉर्ड मित्र होते, फोर्ड खेळायला तयार नव्हते, वॉर्डनेच त्यांना खेळायला लावलं असं सांगतात. त्या हंगामात मिशिगन जिंकला तो एवढाच सामना. हा प्रसंग नुसता अभिमानाचा नाही, आणि जाणते लोक तो तसा सांगतही नाहीत.

21 म्हणजे डेस्मंड हॉवर्ड: 1991 मध्ये ओहायो स्टेटचा पंट 93 यार्ड परत पळवला आणि टोकाला पोचून हाइझमन ट्रॉफीवरच्या पुतळ्यासारखा एक पाय उचलून उभा राहिला. ट्रॉफी मिळालीही. 2 म्हणजे चार्ल्स वुडसन, 1997. हाइझमन सहसा चेंडू पळवणाऱ्याला किंवा फेकणाऱ्याला मिळते, ती मुख्यतः बचावात खेळणाऱ्या या माणसाने घेतली. 16 म्हणजे डेनार्ड रॉबिन्सन, बुटाच्या नाड्या न बांधता धावायचा. टॉम ब्रॅडीचं नाव तुला माहीत असेल, पण तिथे सांगतात ते हे की त्याला इथे शेवटच्या वर्षीही आपली जागा दुसऱ्या क्वार्टरबॅकबरोबर वाटून घ्यावी लागली, आणि 2000 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) त्याचा नंबर 199 वा लागला. अलीकडच्यांत 2023 च्या ओहायो सामन्यात झॅक झिंटरचा पाय मोडला, त्याला मैदानाबाहेर नेलं आणि पुढच्याच चालीत ब्लेक कोरमने 22 यार्ड धावून टचडाउन केला. हे तुझे रूममेटच सांगतील. त्याच हंगामात मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. समोरच्या संघांचे चाहते मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या चालींचे इशारे चोरल्याच्या प्रकरणावरून टोमणे मारतातच.

दोन ठिकाणी जपून बोल. पहिलं, 2007 मधला खालच्या गटातल्या ॲपलाचियन स्टेटविरुद्धचा 34-32 पराभव आणि 2015 मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटच्या दहा सेकंदांत पंट हातातून सुटून गेलेला सामना. चेष्टा कर, पण ओळख झाल्यावर. दुसरं, प्रशिक्षक बो शेम्बेक्लर. 1969 ते 1989 ते प्रशिक्षक होते, 2006 मध्ये ओहायो सामन्याच्या आदल्या दिवशी वारले, जुन्या लोकांसाठी देवासमान. पण विद्यापीठाचे क्रीडा डॉक्टर रॉबर्ट अँडरसन यांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात विद्यापीठाने 2022 मध्ये 49 कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली, आणि काही माजी खेळाडूंनी सांगितलं आहे की आपण तेव्हाच बोंना हे कळवलं होतं. टेलगेटवर शेजारी उभा असलेला साठीतला माजी विद्यार्थी यातल्या कुठल्या बाजूचा आहे ते तुला दिसणार नाही. ऐकून घे.

जुने खेळाडू आणि बँडचे माजी सदस्य प्रत्यक्ष बघायचे तर होमकमिंगचा (माजी विद्यार्थी परत येतात तो) सामना सोडू नकोस, त्या दिवशी साठी-सत्तरीतले लोक वाद्य घेऊन मैदानात उतरतात.

राहता राहिलं आई-बाबांचं येणं. घरच्या सामन्याच्या शनिवार-रविवारी हॉटेलं दोन रात्रींचं बंधन घालतात आणि दर कित्येक पट होतात. त्यांना दिवाळीला बोलवायचं असेल तर वेळापत्रकात संघ बाहेरगावी असलेला आठवडा शोध आणि मगच विमानाचं तिकीट काढ.