कापसाचे पैसे नाळेच्या रक्तात टाकू का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भाऊंनी विचारलं आहे, बायकोले सातवा महिना, पहिलंच बाळ, रक्त साठवणाऱ्या कंपनीचा एजंट म्हणते साठ हजारात बाळाच्या नाळेचं रक्त ७५ वर्षं ठेवतो, त्यातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) पुढं आजारात कामी येतात, साळ्याले सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे म्हणून भीती वाटते, कापसाचे पैसे हातात आहेत, भरू का?

भाऊ, नका भरू. सिकलसेलच्या भीतीनं तर बिलकुलच नका, कारण तो दोष जनुकातच असते, बाळाले आजार झाला तर त्याच्या नाळेच्या रक्तातही तोच राहणार, मग त्याचंच त्याले देऊन काय फायदा? मोठं लेकरू सिकलसेलचं असतं तर गोष्ट वेगळी होती, या बाळाच्या नाळेचं रक्त त्याले चाललं असतं, सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायचा चान्स चारात एक असते. आयसीएमआरनंही (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाईन्समध्ये म्हटलं आहे का स्वतःसाठी ठेवायला शास्त्रीय आधार नाही.

आता पैसे नेमके कशाचे ते पाहा. रक्त निघते शंभरेक मिली, ते नागपूरहून विमानानं लॅबले जाणार, साधारण ४८ तासांत प्रोसेस व्हायला पायजे, अन् तुमची डिलिव्हरी मे महिन्यात, आपल्याकडं तेव्हा पारा ४५ ले टेकते. तिथं लाल पेशी अन् प्लाझ्मा काढून, डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) टाकून मिनिटाले एक-दोन डिग्रीनं थंड करतात (एकदम गोठवलं तर बर्फानं पेशी फुटतात), मग उणे १९६ च्या लिक्विड नायट्रोजनमध्ये. खरी गोष्ट रिपोर्टमध्ये असते: एकूण पेशी किती, सीडी३४ म्हणजे कामाच्या मूळ पेशी किती, जिवंत किती टक्के, जंतू निघाले का. एजंट टाकीचा फोटो दाखवते, रिपोर्टचं नावच घेत नाही! पेशंटच्या वजनाच्या किलोमागं अडीच कोटी पेशी लागतात असं धरलं तर साठ किलोच्या माणसाले दीडशे कोटी, एका पिशवीत बरेचदा तेवढ्या भरत नाहीत. अन् जास्त रक्त पायजे म्हणून नाळ घाईनं कापू देऊ नका, मिनिटभर थांबलं तर बाळाले लोह भेटते.

त्यापेक्षा दोघांची सिकलसेल तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या, डिलिव्हरीच्या आधीच. जूनच्या बी-खताचे पैसे बाजूले काढा, पीककर्ज वेळेवर भरा नाहीतर व्याजसवलत जाते, उरलेल्यातून तुमचा टर्म प्लॅन अन् घराचा मेडिक्लेम. ॲडव्हान्स देऊन बसले असाल तर ॲग्रीमेंट काढा, कॅन्सल केलं तर किती कापतात अन् पेशी कमी आल्या तर पैसे परत का, हे लिहिलेलं आहे का ते पाहा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.