शाळेतला आहार आणि खेळाचा तास

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. दुपारच्या खिचडीत डाळ जेमतेम दिसते आणि खेळाचा तास बऱ्याचदा गणिताला दिला जातो, असे ती सांगते. शिक्षकांशी वाद न घालता काय करता येईल? – एक आई

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेला २०२१ पासून ‘पीएम पोषण’ म्हणतात. तिच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी, म्हणजे पन्नास मुले जेवणार असतील तर पातेल्यात एक किलो डाळ पडलीच पाहिजे. मोघम तक्रारीपेक्षा हा हिशेब मांडला तर बोलणे कामाचे होते. अन्न वाढण्यापूर्वी त्याची चव घेऊन नोंदवहीत तशी नोंद करायची असते. ती वही अवश्य पाहावी.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. दोन्ही विषय तिथे लेखी मांडावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मात्र धारेवर धरू नये. तुटपुंज्या मानधनावर त्या राबतात, आणि पुरवठा कमी आला तर त्या तरी काय करणार?

मैदान आणि खेळाचे साहित्य याच कायद्याच्या निकषांत आहे, त्यामुळे खेळाचा तास परत मागताना संकोच बाळगू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येईल तेव्हा मुलीचे वजन व उंची आपल्याकडेही लिहून ठेवावी.