मुलगा वहीचे समास गिरगटतो, काय करू?

"मॅडम, चित्रकलेच्या क्लासला वर्षाचे पैसे भरलेत आणि हा वह्यांचे समास गिरगटून ठेवतो. वर्गात लक्ष नसतं, असं बाईंनी लिहून पाठवलंय." कोथरूडहून आलेल्या आईने नववीतल्या मुलाच्या वह्या टेबलावर ठेवल्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) परीक्षा जवळ आल्या की ही तक्रार हमखास येते.

इतिहासाच्या समासात वरून खालपर्यंत जिने, डोळे, शेपट्या एकमेकांत गुंतलेल्या. पण शेजारचं टिपण सनावळीसकट पूर्ण. भूमितीत मात्र रेघोट्या थेट आकृतीत शिरलेल्या आणि सिद्धता अर्धवट. आईंना मी एवढंच म्हटलं, समास नंतर बघा, आधी शेजारचा मजकूर वाचा. चिरंजीव पुटपुटले, "जिने काढले नाहीत तर मला झोप येते."

त्यात तथ्य आहे. २००९ साली प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता छापील आकार पेन्सिलीने भरायला दिले होते. त्यांच्या लक्षात २९ टक्के जास्त राहिलं. अर्थात प्रयोग लहान, आणि काम नुसतं ऐकण्याचं. डोळ्यांनी करायच्या कामात गिरगटणं आड येतं, त्यामुळे भूमितीच्या तासाला ही सबब चालणार नाही.

"पण चित्रकलेचा हात बिघडेल ना? यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलाय."

बिघडत नाही, पण सुधारेलच असंही नाही. स्थिरचित्रात समोरच्या तांब्याकडे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. गिरगटताना समोर काहीच नसतं. एका रेघेतून पुढची सुचते. ती सवय संकल्पचित्राला, म्हणजे मनाने रचायच्या नक्षीला, उपयोगी पडते, तांब्याची गोलाई सुधारायला नाही. रवींद्रनाथ टागोर कवितेतली खोडाखोड जोडत जोडत चित्रविचित्र प्राणी काढत. तिथून ते चित्रांकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. हे ऐकून आईंचा चेहरा खुलला. मुलाचा जरा जास्तच, म्हणून लगेच अटी घातल्या: गिरगटायला वेगळी कोरी वही, ती इतिहास-मराठीच्या तासाला चालेल, भूमितीला दप्तरात. आणि इतिहासाची वही आईंनी स्वतः बाईंना दाखवायची.

पुढच्या भेटीला भूमितीचे समास कोरे होते, सिद्धता मात्र तशाच अर्धवट. आठवीची भूमितीच कच्ची राहिली होती. आता ती गणिताच्या सरांकडे पहिल्यापासून सुरू केली आहे.