आधी हद्द विचार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे तक्ते मिळाले. चार महानगरे, अकरा रकाने आणि शेवटी ‘ऱ्हास निर्देशांक’ नावाचा एकच आकडा. त्यात कोलकाता सर्वांत वाईट आणि बंगळूर सर्वांत उत्तम. एवढे नेटके मांडून झाल्यावर पत्राच्या तळाशी तू पेन्सिलीने विचारले आहेस, “काका, मग आमचे लालबाग सुधारले की बिघडले?” तुझ्या आईवडिलांनी लालबागची खोली सोडून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस, तरी तू ‘आमचे’ म्हणतेस. तुझ्या संशोधनाच्या मार्गदर्शकांना निर्देशांक हवा आहे, तुला उत्तर हवे आहे आणि दोन्हींची सांगड बसत नाही म्हणून तू अडली आहेस. मी सांगड घालून देणार नाही. तुझ्या अकरा रकान्यांत जो बारावा रकाना नाही, त्याच्याबद्दलच लिहिणार आहे: प्रत्येक आकडा कोणत्या हद्दीतला आहे?

कोलकात्यापासूनच सुरुवात करू, कारण त्या शहरावर तू अन्याय केला आहेस. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ४५.७ लाख होती, ती २०११ मध्ये ४५ लाखांच्या किंचित खाली आली. तेवढ्यावरून तू ‘आकुंचन पावणारे शहर’ असे लिहिलेस. १९८५ मध्ये राजीव गांधींनी कोलकात्याला मरू घातलेले शहर म्हटल्यापासून ती बदनामी त्या शहराला चिकटली आहे, आणि तुझ्या आकड्याने तिला आयता पुरावा मिळतो. पण तू ज्या कोलकात्याशी मुंबईची तुलना केलीस त्यात नदीपलीकडचे हावडा नाही, सॉल्ट लेक नाही. मुंबईत मात्र बोरिवली आहे, मुलुंड आहे, मानखुर्दही आहे. कारण १९५० आणि १९५७ मध्ये मुंबईने आपली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढवून घेतली. आता कुलाबा ते माहीम-शीव एवढाच मुंबई शहर जिल्हा घे. २००१ मध्ये ३३.४ लाख, २०११ मध्ये ३०.९ लाख. म्हणजे जुन्या कोलकात्याची घट पावणेदोन टक्क्यांच्याही आत आणि जुन्या मुंबईची साडेसात टक्के. मुंबई मरू घातली आहे असे कोणी म्हटल्याचे तू ऐकले आहेस का? दोन्ही शहरांची उपनगरांसकट बेरीज केलीस तर दोन्ही वाढली आहेत. मुंबईचा समूह सुमारे बारा टक्क्यांनी, कोलकात्याचा सहा-सात टक्क्यांनी. फरक आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण तो वेगाचा फरक आहे, जगण्यामरण्याचा नाही. हद्द आधी, आकडा मागून.

बंगळूरचे उलटे झाले आहे. २००१ ते २०११ मध्ये ४३ लाखांचे ८४ लाख झाले म्हणून तू त्याला पहिला मान दिलास. मधल्या काळात, २००७ मध्ये, आजूबाजूच्या सात नगर परिषदा आणि शंभराहून अधिक गावे महापालिकेत आली आणि सव्वादोनशे चौरस किलोमीटरची हद्द सातशेच्या पुढे गेली, हे तक्त्यात कुठे आहे? बंगळूर वाढले हे खरेच. नागरी समूह, म्हणजे उपनगरांसकट सगळे शहर, ५७ लाखांवरून ८५ लाखांवर गेला, आणि ही वाढ कोणत्याही शहराने हेवा करावा अशी आहे. पण दुप्पट नव्हे. आता २०२५ मध्ये त्याच महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या आहेत. २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की कोणीतरी उत्साही माणूस त्यांतली एक उचलून ‘बंगळूर ओसरले’ असे लिहील. तो माणूस तू नसावीस एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. घराजवळचेच पाहायचे तर पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, आणि ज्या ठाणे जिल्ह्यात तू राहतेस त्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. जुना ठाणे आणि नवा ठाणे एका ओळीत ठेवलास तर जिल्ह्याचा चौथा हिस्सा ओस पडल्यासारखा दिसेल.

दिल्लीच्या घनतेबद्दल फार लिहीत नाही. संपूर्ण दिल्लीची सरासरी दर चौरस किलोमीटरला ११ हजारांच्या आसपास आणि ईशान्य दिल्ली जिल्ह्याची ३६ हजारांवर. २००१ ते २०११ या दशकात नवी दिल्ली जिल्ह्याची लोकसंख्या पाचव्या हिश्शाने घटली. यांपैकी ‘दिल्ली’ कोणती, हे ठरवल्याशिवाय तो रकाना छापू नकोस.

लिंगगुणोत्तराच्या रकान्याने मात्र मला राग आणला, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया, म्हणून तू मुंबईला स्त्रियांसाठी ‘प्रतिकूल’ ठरवलेस. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याचे प्रमाण ११२२ आहे. गिरणगावातल्या माणसाच्या नातीला हे मी समजावून सांगावे? तुझे आजोबा लालबागला खोलीत वीस-पंचवीस गाववाल्यांबरोबर राहत होते, पाळीप्रमाणे वळकटी पसरत होते, खानावळीत जेवत होते आणि गणपतीला व शिमग्याला गावी जात होते. आजी संगमेश्वरला भात लावत होती. कुटुंब एकच, पण एक माणूस मुंबईच्या रकान्यात आणि एक रत्नागिरीच्या. मुंबईचा तो आकडा रत्नागिरीशिवाय अर्धाच आहे. त्यात आज बिहार, उत्तर प्रदेशातून एकट्याने आलेल्या माणसांची भर आहे, पण हिशेब तोच. येथे तू नवी दिल्ली आणि कोलकाता शेजारी मांडून काय मिळवणार? मुंबईशेजारी रत्नागिरी मांड.

आता लालबाग. वस्ती ‘खालावते’ म्हणजे नेमके काय होते, हे तुझ्या निर्देशांकात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९४७ च्या कायद्याने मुंबईतल्या जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यच होते, आणि त्या कायद्यामुळेच गिरणीकामगार शहराच्या मध्यभागी टिकला. पण भाडे तेथेच राहिले आणि चुना, सिमेंट, सागवान यांचे भाव तेथे राहिले नाहीत. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने पागडी, म्हणजे जागा घेतानाच मोजायची मोठी रक्कम, भरलेली असल्याने जागा सोडली नाही. मग १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्तीसाठी मंडळ काढावे लागले. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या, आणि त्या सगळ्या माहीम-शीवच्या अलीकडे. तुझ्या आजोबांच्या चाळीचा मागचा सज्जा मी पाहिलेला आहे. खालून लाकडी टेकू, टेकूला बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी, कोपऱ्यात पाण्याचे पिंप आणि वरच्या वाशाला हात लावला तर बोटाला लागणारा भुसा. घरात मात्र पितळेची भांडी लखलखीत घासलेली. सांग, ही वस्ती खालावलेली होती की तिची फक्त इमारत?

आणि ही चाळ तुझ्या तक्त्यात कुठेच येत नाही, हे लक्षात आले का? तू झोपडपट्टीचे प्रमाण घेतलेस: बृहन्मुंबईत २००१ मध्ये सुमारे ५४ टक्के, २०११ मध्ये सुमारे ४२ टक्के. चाळ पक्की इमारत असल्याने ती कागदोपत्री झोपडपट्टी नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. तीही झोपडपट्टी नव्हती. येथे हद्द नकाशावर नाही, व्याख्येत आहे, आणि नकाशावरच्या हद्दीपेक्षा ती जास्त फसवते, कारण ती कोणी रंगवून दाखवत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, हद्द आधी.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर माग भिवंडीत धडधडत राहिले, लालबागेत नाही. काम हद्दीबाहेर गेले, माणसे हद्दीत राहिली. त्याच काळात आमच्या भागाचे नाव टोळ्यांशी जोडले गेले. चिंचपोकळीचा पत्ता ऐकून माझ्या धाकट्या भावाचे एक ठरत आलेले स्थळ मोडले. मुलगा बँकेत होता, निर्व्यसनी होता, पण पत्ता आमचा होता. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळी जागा, घरे आणि मालक. २००१ मध्ये दुरुस्ती होऊन ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. शेडखालची जमीन वाटणीच्या हद्दीबाहेर गेली. आज तेथे काचेचे मनोरे आहेत, तुझ्या निर्देशांकात लोअर परळ ‘उन्नत’ आहे, आणि जे मोजले गेले ते दुसरेच लोक आहेत. वस्ती सुधारली असे तेव्हाच म्हणता येते जेव्हा त्याच माणसांचे बरे झालेले असते. तुझे आईवडील डोंबिवलीला गेल्यामुळे लालबागचे सरासरी उत्पन्न वाढले असेल, तर ती लालबागची प्रगती कशी? वरळीच्या बीडीडी चाळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये जुन्या रहिवाशांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडू लागल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. देखभालीचा खर्च त्यांना पेलतो की तेही दहा वर्षांनी विकून बदलापूरला जातात, हे पाहण्यासारखे आहे. असे काही मोज.

तुझ्या पेन्सिलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी टाळले असे तुला वाटेल. टाळले नाही. तुझ्या आजोबांच्या मजल्यावरची बिऱ्हाडे आज कुठे आहेत ते शोध. डोंबिवली, विरार, कोकणातले गाव, संक्रमण शिबिर, त्याच जागेवरचा टॉवर. तीस कुटुंबांचे असे उत्तर चार महानगरांच्या निर्देशांकापेक्षा मला अधिक भरवशाचे वाटेल.

तुझे मार्गदर्शक म्हणतील, हे किरकोळ आहे. मलाही तसेच सांगितले गेले होते. माझ्या नोकरीत एका विभागाला ‘जीर्ण वस्ती’ ठरवणारा अहवाल सहीसाठी आला. हद्द अशा बेताने आखलेली होती की दोन सुस्थितीतल्या वाड्या बाहेर आणि तीन पडक्या इमारती आत. मी सही केली नाही. पुढे माझी बदली नोंदणीच्या टेबलावर झाली आणि निवृत्तीपर्यंत मी तेथेच राहिलो. घरचे म्हणत, एक सही केली असती तर काय बिघडले असते, अहवाल तर तसाही मंजूर झाला. झाला. पण त्या कागदावर माझे नाव नाही, आणि मला त्यात आजही समाधान आहे. खंत एवढीच की घरोघर फिरून घेतलेल्या नोंदवह्या मी कार्यालयात जमा केल्या आणि त्या कुठे गेल्या ते कोणाला ठाऊक नाही. चिंचपोकळीची जागा का सोडली नाही, असे मुलगा अजून विचारतो. सोडली असती तर तुझ्या तक्त्यात मी ठाणे जिल्ह्याच्या वाढीत मोजला गेलो असतो आणि मुंबईच्या घटीतही! हा हट्ट वाटतो तर वाटू दे.

तर आता काम. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, क्षेत्रफळ आणि हद्द कोणी व केव्हा ठरवली हे लिही. जेथे ते मिळत नाही तेथे रकाना रिकामा ठेव. निर्देशांक काढून टाक. मार्गदर्शक फारच अडून बसले तर परिशिष्टात ठेव, पण कोलकात्याला खाली ढकलून नव्हे. रत्नागिरीचा रकाना घाल. आणि तिसऱ्या तक्त्यात तू उपनगर जिल्ह्याची घनता काढताना राष्ट्रीय उद्यानाचे जंगलही धरले आहेस. बिबट्यांना वगळून तो भागाकार पुन्हा कर आणि या महिन्याच्या आत पाठव.

तुझा,
काका