सोसायटीच्या पत्रात 'पॉसिटी ऑफ वॉटर' लिहावं का?

तुमची इमारत गोरेगावची, शेजारच्या इमारतीला पाणी नीट येतं, तुमची टाकी मात्र अर्धीच भरते. वॉर्ड ऑफिसच्या पत्रात 'देअर इज अ पॉसिटी (म्हणजे कमतरता) ऑफ वॉटर इन अवर सोसायटी' हे वाक्य वजनदार वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे. तरीही ते काढून टाका, असंच मी सांगेन.

'पॉसिटी' इंग्रजीत पुरावा, माहिती, निधी यांच्याबरोबर जास्त शोभतो. आपल्या सभा-समारंभांत तो 'पॉसिटी ऑफ टाइम' म्हणून ऐकून ऐकून सगळीकडे चालेलसा वाटतो. 'डर्थ' बहुतेकदा चांगल्या माणसांच्या किंवा गोष्टींच्या उणिवेला वापरतात. पाण्यासाठी रुळलेले शब्द म्हणजे 'स्कॅर्सिटी' आणि 'शॉर्टेज'.

पण तुमच्या पत्रात 'स्कॅर्सिटी'सुद्धा नको. 2024 च्या जूनमध्ये मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव आटत आले आणि पालिकेने 10 टक्के कपात केली, ती स्कॅर्सिटी. मुळात पाणीच कमी. हा शब्द तुम्ही लिहिलात की समोरच्याला आयतं उत्तर मिळतं: टंचाई सगळीकडेच आहे, सहकार्य करा. तुमच्याकडे तर पाणी शेजारपर्यंत पोचतंय, तुमच्यापर्यंत येत नाहीये. दोष कुठेतरी जवळपासच आहे: जोडणी चोंदलीय, गळती आहे, कुणी लाइनवर थेट पंप लावलाय किंवा पालिकेचा चावीवाला (पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस) तो पुरता उघडत नाही. म्हणून 'इनॅडिक्वेट सप्लाय' लिहा. वेळ पूर्ण मिळूनही धार बारीक असेल तर 'लो प्रेशर'. पाणी लवकर जात असेल तर नेहमीची वेळ आणि आताची वेळ, दोन्ही लिहा.

त्याखाली आकडा हवाच. पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर मीटरचं रीडिंग घ्या. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. असं आठवडाभर रोज लिहून ठेवा आणि तो तक्ता पत्राला जोडा. मोठ्या शब्दाने जे वजन आणायचं तुमच्या मनात आहे, ते खरं तर या तक्त्याने येतं.

'वी गेट अ लिटल वॉटर' असं मात्र चुकूनही लिहू नका. त्याचा अर्थ थोडंफार पाणी मिळतं, भागतंय. 'वी गेट लिटल वॉटर' म्हणजे जवळजवळ मिळतच नाही. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचंही तसंच. मधला तो 'अ' नजरेतून सहज निसटतो आणि तक्रारीतली धारच जाते. 'लॅक' क्रियापद म्हणून वापरलात तर पुढे 'ऑफ' नको: 'वी लॅक प्रेशर', एवढंच.

आणि मुळात इंग्रजीच कशाला? पालिकेचा कारभार मराठीत चालतो. 'अपुरा व कमी दाबाने होणारा पाणीपुरवठा' असा विषय घाला. हेच शब्द तिथे रोज वापरात आहेत, वाचणाऱ्याला लगेच कळतात. पत्र गोरेगावच्या वॉर्डाच्या, म्हणजे पी दक्षिण विभागाच्या सहायक अभियंता (जलकामे) यांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नका.