प्रकाशाचा पदार्थ, द्रव्य की वस्तुमान?

डिचोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: शाळेच्या हस्तलिखितासाठी त्यांनी 'प्रकाशाचा पदार्थ होतो' असे लिहिले. वरिष्ठांनी 'पदार्थ' खोडून 'वस्तुमान' केले. बरोबर काय?

मी दोन्ही खोडून 'द्रव्य' लिहीन.

'पदार्थ' अगदीच चूक नाही. पण उजेडाचा पदार्थ म्हटल्यावर मुलांना चवथीच्या पातोळ्या आठवणार, नाहीतर खतखते. शिवाय पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, शब्दाने दाखवता येईल ते सगळे. वैशेषिकांच्या (हे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञ) यादीत गुण आणि कर्म हेही पदार्थच, द्रव्य हा त्यांतला एक. (त्यांच्या नऊ द्रव्यांत 'तेज' आधीच बसले आहे, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच पडला नसता!)

'वस्तुमान' मात्र नकोच. ते नुसते माप, वस्तू नव्हे. १९३४ साली ब्राइट आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडले, की दोन गॅमा फोटॉनांची (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण, गॅमा म्हणजे फार जास्त ऊर्जेचा) टक्कर झाली तर ते नाहीसे होऊन इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन उपजू शकतात. त्यासाठी समोरासमोर येणाऱ्या फोटॉनांकडे मिळून निदान १०.२२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा हवी. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनाकडे जेमतेम दोन-तीन असते. आता खरी गोम. सुट्या फोटॉनाला वस्तुमान नसते, पण समोरून येणारी जोडी एकत्र धरली तर तिला ते टकरीआधीच असते, आणि नंतरही तेवढेच राहते. म्हणजे नवे काय झाले? द्रव्य.

'उजेड' का नको, हेही त्या शिक्षिकेने विचारले आहे. कोकणीतल्या 'उजवाड'ला तो जवळचा, मलाही आवडतो. पण गॅमा किरणांनी काही उजळत नाही, तिथे 'प्रकाश'च बरा.

राहिले क्रियापद. दुधाचे दही होते तेव्हा दूध उरत नाही. फोटॉनही उरत नाहीत, म्हणून 'प्रकाशाचे द्रव्य होते' हे मराठी चोख. 'ऊर्जेचे द्रव्य होते' सर्रास लिहितात, मला ते खटकते. ऊर्जा ही रक्कम आहे. शंभराची नोट मोडून नाणी घेतली तर नोट जाते, शंभर रुपये कुठे जात नाहीत. तेव्हा हस्तलिखितात असे चालेल: 'दोन गॅमा फोटॉनांच्या टकरीत प्रकाशाचे द्रव्य होऊ शकते, एकूण ऊर्जा तेवढीच राहते.'